बाळ झोपतं, हे सांगायची चोरी

ताई,

माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. पाचव्या महिन्यापासून ती रात्री सलग झोपते. एका मोठ्या ऑनलाइन पालक-ग्रुपमध्ये मी गरोदरपणापासून आहे, पण फारसं लिहीत नसे. मध्यंतरी एका आईने मध्यरात्री लिहिलं होतं, ‘चार रात्री डोळ्याला डोळा नाही. आता रडू येतंय. कुणी जागं आहे का?’ सकाळी मी ते वाचलं आणि मनापासून लिहिलं की आम्ही झोपेची वेळ ठरवली, आधी अंघोळ, मग मंद दिवा, मग गाणं, दोन आठवड्यांत फरक पडला, करून बघा. खाली आलेल्या कमेंट वाचून माझे हातपाय गार पडले. ‘अभिनंदन हं.’ ‘दात येऊ द्या, मग बोलू.’ ‘एकच मूल ना?’ एकीने तर लिहिलं, ‘काही बाळं झोपतात. त्यात आईचं कर्तृत्व नसतं.’ शेवटी अ‍ॅडमिनने कमेंट बंद केल्या. माझं काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. मी ग्रुपचे नियम पुन्हा वाचले. जाहिराती करू नका, शिवीगाळ करू नका, एवढंच आहे त्यात.

आता खरी लाजेची गोष्ट. गेल्या आठवड्यात कुणीतरी झोपेवर लिहिलं, तेव्हा मी खाली लिहून मोकळी झाले, ‘आमच्याकडेही तीनदा उठते, काय करणार!’ त्यावर फार प्रेमाने उत्तरं आली. नवऱ्याने ते वाचलं आणि विचारलं, ‘कधी उठते? मला कसं कळलं नाही?’ या लोकांचे नियम तरी काय आहेत? ते ठरवतं कोण? मी ग्रुप सोडू का? आणि नवरा म्हणतोय, मीच येतो त्या ग्रुपमध्ये, बघतो काय चाललंय ते. येऊ देऊ का त्याला?

– रात्री झोपणारी आई

*

नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला खरं काय ते आजच सांगून टाका, नाहीतर बिचारा कानोसा घेत रात्रभर जागा राहील.

तुम्ही दिलेला सल्ला चुकीचा नव्हता. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने झोपवा, हे बालरोगतज्ज्ञही सांगतात. पण त्या बाईने सल्ला मागितलाच नव्हता. तिचं वाक्य पुन्हा वाचा. ‘कुणी जागं आहे का?’ याचं उत्तर ‘हो, मी आहे’ एवढंच. तुम्ही सकाळी उठून, झोप पुरी झालेली असताना, तिला झोपायची कृती लिहून दिलीत. भुकेल्यासमोर बसून पाककृती वाचावी, तसं झालं ते. तिला ते तेव्हा वाचायचं त्राण तरी होतं का?

अशा ग्रुपमध्ये प्रश्नचिन्ह असलेली प्रत्येक पोस्ट प्रश्न नसते. ओळखायचं कसं? ज्याला माहिती हवी असते तो माहिती देतो. ‘मुलगा अकरा महिन्यांचा, दुपारी दोनदा झोपतो, रात्री एकला उठतो, दूध दिलं तरच गप्प होतो, आठवडाभर चाललंय’ असं कुणी लिहिलं असेल तर खुशाल लिहा काय करायचं ते. ‘थकले’, ‘फक्त माझ्याच बाबतीत असं होतं का’, ‘आता सहन होत नाही’ असं असेल तर तिला सोबत हवी आहे. आणि कळतच नसेल तर विचारा, ‘आम्ही काय केलं ते सांगू, की आत्ता नुसतं ऐकू?’ हे एक वाक्य मी कितीतरी जणींना सुचवलंय. अजून कुणाला त्याचा राग आल्याचं ऐकलं नाही.

तुम्ही ‘कर्तृत्व’वाल्या कमेंटने जास्त दुखावलेल्या दिसता. ती टोचून लिहिली होती, पण तिच्यात अर्धं सत्य आहे. काही मुलं मुळातच झोपाळू असतात, काही नसतात. घरातला शिरस्ता मदत करतो, पण तोच शिरस्ता दुसऱ्या घरात, दुसऱ्या बाळावर सपशेल फसतो. ज्या आईच्या घरी तो फसलाय तिला तुमचं ‘करून बघा’ कसं ऐकू आलं असेल? ‘तुम्ही केलंच नाहीत’ असं.

आता आनंदाबद्दल. या ग्रुपांत तक्रारीला दार सताड उघडं असतं, आनंदाला मात्र मागच्या दाराने यावं लागतं. ‘लेक नवव्या महिन्यात चालायला लागला’ असं नुसतं लिहिलं की सामसूम. तेच ‘नवव्या महिन्यातच चालायला लागलाय, माझा जीव सतत टांगणीला, सगळी कपाटं बांधून ठेवलीत’ असं लिहिलं की बदामांचा पाऊस. बातमी तीच, फक्त थकव्यात गुंडाळलेली. दुसरा मान्यताप्राप्त मार्ग म्हणजे आधी दुःखाचा हिशेब मांडायचा: ‘सात महिने जागलो, काल पहिल्यांदा सलग पाच तास झोप मिळाली.’ यावर अख्खा ग्रुप नाचतो. तुम्हाला हा मार्ग सहज उपलब्ध होता. पाच महिन्यांची होईपर्यंत तुमची लेकही उठत असणारच, आणि तुम्हीही जागलाच असाल की! तेवढं लिहायचं राहिलं, आणि नेमकं तेच त्या बाईला ऐकायचं होतं.

म्हणूनच ‘तीनदा उठते’ हे खोटं मला वायफळ वाटतं. तुमच्याजवळ खऱ्या रात्री होत्या, त्या सांगितल्या असत्या तरी चाललं असतं. खोट्याचा दुसरा त्रास असा की लोक तुमच्या नसलेल्या प्रश्नावर खरोखर डोकं खपवतात. कुणी तरी आठवड्याने विचारणार, ‘कशी आहे आता? डॉक्टर काय म्हणाले?’ मग त्या तीनदा उठण्याला कारण शोधा, औषध शोधा, बरं करा. यात पडू नका. जाहीर कबुली देण्याचीही गरज नाही. कुणी विचारलं तर ‘आता छान झोपते’ म्हणा. ते खरंच आहे. आणि पुढच्या वेळी काही सांगण्यासारखं नसेल तर गप्प राहा. गप्प राहणाऱ्याला ग्रुपमधून कुणी काढत नाही.

उलट गप्प राहणारेच तिथे बहुसंख्य असतात. याकोब नील्सन या संशोधकाने २००६ साली ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ हिशेब मांडला होता: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ कधीमधी लिहितात आणि एक जण सतत लिहितो. हा काही निसर्गनियम नाही, ग्रुपगणिक आकडे बदलतात, पण सूर ओळखीचा आहे. तुमच्यावर तुटून पडलेल्या सहा-सात जणी म्हणजे ग्रुप नव्हे. तुमची कमेंट वाचून मुकाट्याने दिवा मंद करून पाहणाऱ्याही त्यात असतील. त्यांनी कळवलं नाही, कारण त्या कधीच काही कळवत नाहीत.

‘नियम ठरवतं कोण’ या प्रश्नाचं उत्तर यातच दडलंय. कुणी बसून ठरवत नाही. जुनी भांडणं ठरवतात. प्रत्येक चमत्कारिक नियमाखाली एखादं गाजलेलं भांडण गाडलेलं असतं, आणि ते ज्यांनी पाहिलं ते जुने सदस्य त्याच्या आसपास कुणी फिरकलं तरी सावध होतात. झोप, दूध, बाळंतपण कसं झालं, स्क्रीन, लसी. या विषयांवर नवीन माणूस साध्या मनाने बोलायला जातो आणि त्याला वाटतं, मी असं काय बोललो? तुमच्या अ‍ॅडमिनने कमेंट बंद केल्या त्या तुमच्यावर चिडून नव्हे. पुढे काय होतं हे तिला पाठ असणार.

दुधाचंच बघा. पावडरच्या दुधाबद्दल साधा प्रश्न, म्हणजे एका वेळी किती मिली द्यावं, विचारायचा तर आधी चार ओळींची प्रस्तावना लागते. अंगावर पाजण्याचा खूप प्रयत्न केला, डॉक्टरांशी बोलले, वजन वाढत नव्हतं, कृपया उपदेश नको, आणि मग कुठे मूळ प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्वांना पाठ आहे: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि मग वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून पुढेही. शिफारस योग्यच आहे. पण जिने पावडरचा डबा आणलाय तिने ती वाचलेली नाही असं गृहीत धरून दर वेळी कुणीतरी ती चिकटवतं. प्रस्तावना ही त्याच्यावरची ढाल. तुम्ही अशा पोस्टवर उत्तर देणार असाल तर प्रस्तावनेला हात लावू नका, मिलीलिटर सांगा.

हा प्रकार सगळीकडचा आणि जुना आहे. ब्रिटनमध्ये जस्टिन रॉबर्ट्स यांनी २००० साली मम्सनेट हे पालकांचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथला एक गाजलेला विभाग फक्त ‘माझं चुकतंय का?’ एवढंच विचारण्यासाठी आहे. विचारणाऱ्या बहुतेकींना ‘छे, मुळीच नाही’ ऐकायचं असतं, आणि उत्तर देणाऱ्या बिनदिक्कत ‘हो, चुकतंय’ सांगतात. तिथे तो नियम उघड आहे, त्यामुळे खेळ निदान सरळ आहे. तुमच्या ग्रुपमध्ये तो उघड नाही. ‘सासूबाईंना मी असं म्हणाले, बरोबर केलं ना?’ या प्रश्नाला तिथे एकच उत्तर चालत असेल. नवऱ्याविषयीच्या तक्रारींचं तर गणितच वेगळं. ‘हा रविवारीही बाळाला घेत नाही’ यावर ‘माझाही तसाच’ चालतं. ‘फारच आळशी दिसतो’ हे तिने म्हणायचं, तुम्ही नाही. आणि पाचव्या कमेंटपर्यंत कुणीतरी ‘सोडून दे त्याला’ म्हणतंच, मग तीच बाई दहा ओळींत नवऱ्याचे गुण सांगायला लागते. यात न पडलेलं बरं.

‘एकच मूल ना?’ या कमेंटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ही उतरंड पहिल्यांदा कळत नाही. दोन मुलांची आई एका मुलाच्या आईच्या वर. तीन असतील तर आणखी वर. जुळ्यांच्या आईसमोर सगळ्यांनी गप्प बसायचं, तिला काहीही म्हणायची मुभा असते. पण रोजच्या व्यवहारात खरी गुरू कोण, तर जिचं बाळ तुमच्या बाळापेक्षा दीड-दोन महिन्यांनी मोठं आहे ती. तिच्या आठवणी ताज्या असतात आणि ती तुमच्या पुढच्याच वळणावरून बोलत असते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या आईला मान असतो, पण तिचा सल्ला कुणी घेत नाही.

यात नुसता उद्धटपणा नाही. सल्ल्यालाही जन्मसाल असतं. शेंगदाण्याचं उदाहरण घ्या. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ साली तो सल्ला मागे घेतला. २०१५ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी काहींना चार ते अकरा महिन्यांच्या वयातच शेंगदाण्याचे पदार्थ द्यायला सुरुवात केली होती, बाकीच्यांना त्यापासून लांब ठेवलं होतं. पाच वर्षांची होईपर्यंत ज्यांना दिलं होतं त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी साधारण ऐंशी टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे २००३ साली आई झालेली, २००९ साली झालेली आणि २०१८ साली झालेली, तिघी एकाच पोस्टवर भांडतात आणि तिघींना त्यांच्या डॉक्टरांनी खरंच तसं सांगितलेलं असतं. म्हणून कुणी ठामपणे काही सांगितलं की मनातल्या मनात विचारा, हिचं मूल केवढं आहे? (धोका असलेल्या बाळाला शेंगदाणा कधी आणि कसा द्यायचा हे मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, ग्रुपला नव्हे.)

आणि ‘तुमचा कधी चालला?’ हा प्रश्न. तो दिसतो साधा, पण त्याखाली शंभर जणी आपापला महिना लिहितात आणि प्रत्येकीला दुसरीच्या उत्तराने धडकी भरते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलं होतं की मोजायला पट्टी नसली की माणूस आपल्यासारख्यांशी स्वतःची तुलना करतो. आईपण मोजायला कुठली आलीय पट्टी? म्हणून शेजारच्या बाळाचं रांगणं मोजायचं. चालण्याला मात्र पट्टी आहे, आणि ती चांगली लांब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या निरीक्षणातून २००६ साली जे कालावधी काढले, त्यानुसार आधाराशिवाय चालणं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत केव्हाही येऊ शकतं. चार टक्क्यांहून थोडी जास्त मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. पुढच्या वेळी कुणी घाबरून विचारलं तर तुमच्या लेकीचा महिना सांगू नका, ही पट्टी सांगा.

किरकोळ नियम भराभर सांगते. पोस्टखाली नुसता टिंब म्हणजे ‘मलाही उत्तर हवंय’. त्याचा अर्थ लावत बसू नका. आधी शोधून पाहिल्याशिवाय विचारू नये, पण शोधून सापडलेल्या तीन वर्षांपूर्वीच्या पोस्टवर कमेंट करून तिला वरही आणू नये. हे दोन्ही एकाच वेळी कसं पाळायचं ते मला विचारू नका. उत्तरं मिळाली की पोस्ट उडवू नये, दुसऱ्यांनी एवढं लिहिलेलं असतं. आणि काळजीची पोस्ट टाकली असेल तर नंतर ‘बरी आहे आता’ असं कळवावं. पुरळाचा फोटो टाकून गायब होणाऱ्या आईला ग्रुप वर्षभर विसरत नाही.

यातले बहुतेक नियम मी निमूट पाळायला सांगेन. थकलेल्या माणसाला बोल लागू नये, हाच त्यांचा उगम आहे आणि तो वाईट नाही. पण दोन नियम असे आहेत की ते मोडलेच पाहिजेत, तुम्हाला पुन्हा ‘अभिनंदन हं’ ऐकावं लागलं तरी.

पहिला म्हणजे ‘आई आहेस, तुला योग्य वाटेल ते कर.’ दुपट्याच्या रंगाबद्दल ठीक आहे. पण एखाद्या फोटोत तीन महिन्यांचं बाळ पालथं झोपलंय, शेजारी मऊ उशी आहे, आणि खाली सगळ्या ‘किती गोड’ म्हणतायत, तिथे गप्प बसू नका. बाळाला पाठीवर झोपवा हा सल्ला अमेरिकेत १९९२ साली दिला गेला, १९९४ साली त्याची मोठी मोहीम झाली, आणि पुढच्या वर्षांत झोपेतले आकस्मिक बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवल्याची पोस्ट असेल, तीही तशीच, कारण मधातून होणारा बोट्युलिझम, म्हणजे एक प्रकारची जिवाणूजन्य विषबाधा, त्या वयात जीवघेणा ठरू शकतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप असेल तर ‘थंड पट्ट्या ठेवून बघ’ नव्हे, लगेच डॉक्टर. अशा वेळी कसं लिहायचं? एक ओळ, विशेषण नाही, ‘अगं बाई’ नाही, उद्गारचिन्ह नाही. ‘खूप गोड आहे. पाठीवर झोपवा आणि उशी काढा, या वयात श्वास कोंडण्याचा धोका असतो.’ लिहायचं आणि निघून जायचं. खाली कुणी वाद घातला तर उत्तर देऊ नका. आईने वाचलं, काम झालं. वेळ असेल तर हेच खासगी मेसेजमध्ये लिहा, ते तिला कमी लागतं. ताप असेल तर सरळ पोस्टखालीच लिहा. खासगी मेसेज कित्येक जणी दिवसचे दिवस उघडत नाहीत.

दुसरा म्हणजे ‘हे सगळ्यांनाच होतं गं.’ तुम्ही ज्या पोस्टवर लिहिलंत तिच्याकडे मी पुन्हा येते. चार रात्री झोप नाही, रडू येतंय, मध्यरात्री अनोळखी लोकांना हाक. बहुधा तो नुसता थकवा असेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगभरात बाळंत झालेल्या साधारण १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठतं. बाळंतपणानंतरची सुरुवातीची रडारड साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, बाळाविषयी काही वाटेनासं झालं असेल, तर ‘सगळ्यांनाच होतं’ हे वाक्य दिलासा देत नाही, मदत लांबवतं. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी कुणाला तरी घरी बोलवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. गंमत म्हणजे सगळ्यांनी तुमच्या सल्ल्यावर तोंडसुख घेतलं, पण ती बाई आता कशी आहे हे विचारलं का कुणी? तुमच्या पत्रात तरी दिसलं नाही.

म्हणून तुम्ही विचारा. ग्रुपमध्ये स्पष्टीकरणाची पोस्ट मुळीच टाकू नका, भांडण पुन्हा उकरलं जाईल आणि बाजू घ्यायला दोन्हीकडून लोक जमतील. तिला एकटीला लिहा. ‘त्या दिवशी तुमची पोस्ट मी सकाळी वाचली आणि घाईने सल्ला देऊन बसले. सुरुवातीच्या महिन्यांत मीही अशीच रडले आहे. आता झोप होतेय का? दिवसा तासभर बाळाला घ्यायला कुणी आहे का घरात?’ शेवटचा प्रश्न ठेवाच, कारण त्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल. ती वाचेल, नाही वाचणार, हे तिच्यावर सोडा. आणि ‘रडले आहे’ हे खरं नसेल तर ते वाक्य गाळा. एक खोटं पुरे झालं.

ग्रुप सोडायचा का? नको. सूचना बंद करून ठेवा, दिवसातून एकदाच उघडा. मोठ्या ग्रुपचा उपयोग शोधण्यापुरता असतो. रात्री अडीचला दात येण्याबद्दल काही विचारायचं असेल तर आधी कुणीतरी ते विचारलेलं सापडतं. मैत्रीला मात्र तो फार मोठा आहे. आणखी एक आतली गोष्ट सांगते. एकाच महिन्यात बाळंतपणाची तारीख असलेल्या आयांचे जे ग्रुप असतात, ते वर्षभराने ओस पडल्यासारखे दिसतात. ओस पडलेले नसतात, त्यातल्या पंधरा-वीस जणी एखाद्या बंद ग्रुपमध्ये निघून गेलेल्या असतात. आमंत्रण जाहीर होत नाही आणि ज्यांना बोलावलं नाही त्यांना कधी कळतही नाही. त्यात शिरायची खटपट करू नका. ज्या तीन-चार जणींचं लिहिणं तुम्हाला पटतं, त्यांच्याशी वेगळं बोलायला लागा. असे छोटे ग्रुप तसेच तयार होतात, आणि तिथे ‘काल रात्रभर झोपली!’ हे मोकळेपणी लिहिता येतं.

राहिला नवरा. येऊ द्या की. फक्त तुम्हाला एका गोष्टीची तयारी ठेवावी लागेल. वडिलांसाठी तिथली पायरी फार खालची असते. तुम्ही आठ महिने लंगोट बदललेत, त्यावर कुणी काही म्हटलं नाही. त्याने लेकीला मांडीवर घेऊन नखं कापतानाचा फोटो टाकला की दोनशे जणी ‘असा नवरा मिळायला भाग्य लागतं’ लिहितील. तुमचा संताप होईल, तो मला आधीच मान्य आहे. त्याला हा नियम अगोदर समजावून सांगा, म्हणजे तो त्या कौतुकाने फुगणार नाही. दुसऱ्या बाजूने, वडिलांनी खरी अडचण लिहिली की ‘बायकोला विचारा’ असं सांगून वाटेला लावतात. तेही चूकच आहे. त्याला प्रश्न पडला तर त्याने तो वय-वजनासकट नीट लिहावा, माहिती देणाऱ्या पोस्टला बहुधा बाई की पुरुष हे न बघता उत्तर मिळतं.

फोटोत लेकीचं नाव नको, पाळणाघराची पाटी नको. आणि गाडीतल्या सीटमधला फोटो टाकायचा असेल तर आधी पट्टे बघायला सांगा. टोपी दाखवायला टाकलेल्या फोटोवर चाळीस कमेंट येतील आणि चाळीसही पट्ट्यांवर: सीट मागे तोंड करून आहे ना, पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली आहेत ना, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत आहे ना, जाडजूड जाकिटावरून तर आवळले नाहीत ना. सांगणाऱ्यांचा सूर असह्य असतो, पण यातला शब्दन्‌शब्द बरोबर आहे, तेव्हा टोपी बाजूला ठेवून ऐकून घ्यावं.

आणि तो आला की त्याच्या पोस्टला तुम्ही बदाम देऊ नका. नवरा-बायकोने एकमेकांना टाळ्या वाजवलेल्याही तिथे फारशा खपत नाहीत.

– ताई